दातांचे स्तोत्र

बुधवारच्या शास्त्राभ्यासात बाईंनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला बायबलमधले एकेक स्तोत्र पाठ करायला दिले आणि देवाने दुष्टांचे दात तोंडातल्या तोंडात मोडावेत अशी विनवणी असलेले स्तोत्र नेमके दातांच्या डॉक्टरांच्या वाट्याला आले. अख्खा गट हसला. बँकेतल्या ताई तर पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सहसा हसत नसत, पण त्यांनाही हसू आवरेना; हवी तर चिठ्ठी बदलून देते, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ताठ मानेने नको म्हटले. पवित्र शास्त्राच्या बाबतीत ते चेष्टा खपवून घेत नसत.

डॉक्टरांचा खरा अभ्यास चाले तो एकट्याने. सकाळी लवकर उठून खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीत ते बायबल, जाडजूड टीकाग्रंथ आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसत आणि त्यांचे आटोपेपर्यंत घरात मिक्सर लावायची सोय नसे. बुधवारचा गट हा त्यांच्या मते ज्यांना एकट्याने झेपत नाही त्यांच्यासाठी होता. ते स्वतः जात ते इतरांनी भलताच अर्थ लावू नये म्हणून. अलीकडे तर गट त्यांच्याच घरी, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरे, त्यामुळे जाण्याचाही प्रश्न उरला नव्हता.

स्तोत्र मात्र काही केल्या पाठ होईना. ओळी जागच्या जागी राहत नव्हत्या. मग शुक्रवारी सकाळी दातांच्या ओळीपाशी आले असताना त्यांच्या डोळ्यांसमोर अचानक चष्मेवाल्यांचा चेहरा उभा राहिला.

चष्मेवाल्यांचे दुकान दवाखान्याला लागून होते. त्यांनी मध्यंतरी दुकानावर चष्म्याच्याच आकाराची भलीमोठी, दिव्यांची पाटी लावली. तिची उजवी काच डॉक्टरांच्या पाटीवरच्या 'दातांचा' या शब्दावर आली आणि नुसता 'दवाखाना' उरला. लोक पोटदुखी घेऊन येऊ लागले. एकाने तर पायाचे प्लास्टर कापून मागितले. डॉक्टरांनी दोनदा गोडीत सांगून पाहिले, चष्मेवाले दोन्ही वेळा "बघू" म्हणाले. शिवाय तेही बुधवारच्या गटात होते, अगदी समोर बसत आणि गाण्याच्या वेळी सुरांची पर्वा न करता मोकळ्या गळ्याने गात.

तो चेहरा एकदा त्या ओळीत बसल्यावर स्तोत्र भराभर पाठ झाले. इतके सोपे पाठांतर डॉक्टरांना कधीच गेले नव्हते आणि ही आपल्यावर झालेली कृपाच आहे असे त्यांना मनापासून वाटले. ते आंघोळ करताना स्तोत्र म्हणू लागले, जिन्यावर म्हणू लागले, हत्यारे उकळताना म्हणू लागले. दातांच्या ओळीवर ते जरा रेंगाळत.

पुढच्या बुधवारी दुपारी चष्मेवाले गालाला हात लावून दवाखान्यात आले. इतकी वर्षे शेजारी असून ते त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होते. खालची दाढ पार किडली होती, काढण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, जबडा बधिर व्हायला थोडा वेळ लागेल म्हणून सांगितले आणि मदतनीस बाई रजेवर असल्यामुळे ते स्वतःच पाठ फिरवून ट्रे लावू लागले. हातांना काम मिळाले की तोंड सवयीने सुरू होत असे, तसे ते सुरू झाले. दातांची ओळ आली. ती त्यांनी चांगली ठासून म्हटली, आणि दाढ काढायची पक्कड उजेडात धरून पारखताना पुन्हा एकदा म्हटली.

मग ते वळले. खुर्ची रिकामी होती. बाहेरचे दार अजून हलत होते.

डॉक्टरांच्या हातात पक्कड तशीच राहिली. त्यांनी ऐकलं, एवढेच त्यांच्या मनात आले आणि कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या दुकानात जायला कितीसा वेळ लागणार होता, पण ते दारापर्यंत गेले आणि परतले. जाऊन सांगायचे काय? शास्त्रातलेच वचन होते असे सांगितले तर देवालाही त्यात ओढल्यासारखे झाले असते. स्वच्छ असलेली हत्यारे त्यांनी पुन्हा धुतली, दवाखान्याला कुलूप घातले आणि मांजराच्या पावलांनी वर गेले.

इकडे चष्मेवाले आपल्या दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसले होते. तोंड एका बाजूला लोंबत होते, ओठाच्या कडेने लाळ गळत होती. त्यांना पाहिले ते समोरच्या औषधवाल्यांनी. लोक त्यांना अर्धे डॉक्टर म्हणत आणि ते स्वतःला पाऊण समजत. त्यांनी चष्मेवाल्यांना हसून दाखवायला सांगितले. एकच बाजू हसली. नाव विचारले, नावाचा नुसता लगदा बाहेर आला. काय झाले म्हणून विचारले तेव्हा चष्मेवाले कसेबसे "इंजेक्शन" म्हणाले, आणि इंजेक्शन द्यायचे काम हॉस्पिटलचे आहे, असे म्हणून औषधवाल्यांनी त्यांना आपल्या गाडीत घातले. वाटेत त्यांनी चष्मेवाल्यांच्या बायकोला फोन करून लकवा झाल्याचे सांगितले. तिने रडतच बाईंना फोन केला. बाईंनी सगळ्या गटाला निरोप धाडला की भावावर संकट आले आहे, आज अभ्यास नाही, प्रार्थना. असाल तसे डॉक्टरांच्या घरी या.

डॉक्टर वर पोचले तेव्हा त्यांची बायको सतरंजी अंथरत होती. तिने लकव्याची बातमी सांगितली. लकवा वगैरे काही नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते. तो त्यांच्याच हाताने दिलेल्या इंजेक्शनचा गुण होता. ते न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी इंजेक्शन कुठले, किती आणि कधी दिले ते नीट सांगितले, म्हणजे भलते उपचार तरी सुरू होणार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी आभार मानले आणि सहज विचारले की पेशंट मधूनच उठून का गेला. नळाचे पाणी वाहत होते. डॉक्टर म्हणाले की ते काही कळले नाही.

हे झाल्यावर बाहेर येऊन सर्वांना घाबरू नका म्हणून सांगणे एवढेच राहिले होते. पण ते बाहेर आले तोवर मंडळी जमली होती, आणि हॉस्पिटलच्या बाईंनी विचारले तेच बाई विचारणार हे उघड होते. बाईंसमोर नळ सोडता येत नव्हता. डॉक्टर कोपऱ्यातली जागा धरून बसले. एकाची प्रार्थना होऊ दे, मग सांगू, असे त्यांनी ठरवले.

पहिली प्रार्थना बँकेतल्या ताईंनी केली आणि करता करता त्या रडू लागल्या. चष्मेवाल्यांनी ताईंच्या आईला चष्मा फुकट करून दिला होता, हे त्यांनी देवाला सांगितले. डॉक्टरांना हे माहीत नव्हते. मग गटातल्या शिंप्याने प्रार्थना केली. प्रभूने या भावाचे तोंड पुन्हा उघडावे, ते पूर्वीसारखे मोठ्याने गाऊ लागावेत, आपण पुन्हा कधी तक्रार करणार नाही, असे तो म्हणाला. डॉक्टरांच्या बायकोनेही डोळ्यांना पदर लावला. इतकी कळकळीची प्रार्थना त्या गटात पूर्वी कधी झाली नव्हती, आणि ती चालली होती एका बधिर हिरडीसाठी. प्रत्येक 'आमेन'ला डॉक्टरांची मान आणखी खाली जात होती.

शेवटी बाईंनी डोळे उघडले. त्या म्हणाल्या की डॉक्टर चष्मेवाल्यांचे सख्खे शेजारी, त्यांच्याइतका जवळचा इथे कोणी नाही. तेव्हा शेवटची प्रार्थना त्यांनीच करावी.

डॉक्टर उठून उभे राहिले. गटात प्रार्थना बसून करायची असते हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहिले नाही.

"त्यांना लकवा झालेला नाही," ते म्हणाले. "ते माझं इंजेक्शन आहे. हॉस्पिटलला मी कळवलंय. तुम्हाला कळवलं नाही."

आणि मग थांबता येईना. खुर्ची, पाठ, ट्रे, पक्कड, सगळे त्यांनी सांगितले. ती ओळ दोनदा म्हटली हेही सांगितले. ती म्हणताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि गेला आठवडाभर रोज सकाळी तोच कसा असायचा, हेही सांगितले. कोणी हसले नाही. गेल्या बुधवारी हसले तसे ते आताही हसले असते तर डॉक्टरांना बरे वाटले असते. त्यांची बायको सतरंजीची दशी ओढत होती.

बाईंनी बायबल मिटून मांडीवर ठेवले.

"एकट्याने वाचलं की असंच होतं, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुष्ट माणूस नेहमी शेजारीच राहायला असतो. माझ्या बाबतीत तो माझी जाऊ आहे. म्हणून तर आपण बुधवारी जमतो."

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. आधी औषधवाले आले, चोरट्यासारखे, आणि दारातच थांबले. मागून चष्मेवाले आणि त्यांची बायको. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण नवऱ्याकडे पाहण्याची तऱ्हा काही वेगळेच सांगत होती. चष्मेवाल्यांची जीभ बरीचशी ताळ्यावर आली होती. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले.

"मंडळी, मला माफ करा. मी खुर्चीवरून पळालो. डॉक्टरांनी ती पक्कड उजेडात धरली आणि मी पळालो. लहान मुलं बसतात त्या खुर्चीवर, आणि मी पळालो. लाजेपायी यांनाही धड सांगितलं नाही." यांना म्हणजे औषधवाल्यांना, ते जिन्याच्या कठड्याकडे पाहू लागले.

मग चष्मेवाले डॉक्टरांकडे वळले.

"तुमचा खोळंबा केला. तुम्ही पाठमोरे उभे राहून काहीतरी पुटपुटत होता ना, शब्द काही कळले नाहीत, पण म्हटलं, डॉक्टर आपल्यासाठी प्रार्थना करतायत. तेवढ्या धीरावर बसलो होतो, नाहीतर आधीच पळालो असतो."

खोलीत कोणी कोणाकडे पाहिले नाही. शिंप्याला खोकला आला. ती गोष्ट माहीत नसलेले तिथे आता तिघेच उरले होते आणि ती होती त्यांच्यापैकीच एकाबद्दल. बाईंनी डॉक्टरांकडे नुसते पाहिले, शाळेतल्यासारखे. डॉक्टरांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे पहिल्यापेक्षा सोपे जाईल असे त्यांना वाटले होते. ते गेले नाही.

चष्मेवाल्यांनी रुमालाने ओठाची कड पुसली.

"दात तर तुम्ही तसेही काढणारच होता," ते म्हणाले. "देवाला कशाला मध्ये घेतलं?"

या प्रश्नाचे उत्तर जाडजूड टीकाग्रंथातही नसावे. ताईंनी चहा पुढे केला, पण चष्मेवाल्यांनी पहिला घोट घेतला आणि गाल धरून ते खालीच बसले. बधिरपणा उतरला होता आणि दाढ पुन्हा जागी झाली होती. त्यांच्या बायकोने सांगून टाकले की आता काढल्याशिवाय घरी जायचे नाही.

डॉक्टरांनी खाली जाऊन कुलूप उघडले. चष्मेवाले स्वतःच्या पायांनी येऊन खुर्चीवर बसले, मात्र बायकोला त्यांनी दाराशी उभे केले, आणि ते मागोमाग खाली आलेल्या बाईंच्या नजरेतून सुटले नाही. पुन्हा इंजेक्शन झाले. डॉक्टर या वेळी पाठ न फिरवता ट्रे लावू लागले.

"डॉक्टर," चष्मेवाले म्हणाले, "या वेळी काही म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"मनातसुद्धा नको."

डॉक्टरांनी हो म्हटले आणि मास्क जरा वर, डोळ्यांच्या खालपर्यंत ओढला. समोरचा चेहरा त्यांनी आठवडाभर पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, खुर्चीचे हात धरून बोटे पांढरी पडलेली. या माणसासाठी मनात म्हणायला ते काहीतरी बरे शोधू लागले, आणि इतक्या वर्षांच्या अभ्यासातून त्यांना काही सापडेना.

"दुखलं तर हात वर करा," ते अखेर म्हणाले.

चष्मेवाल्यांनी लगेच हात वर केला. डॉक्टरांनी अजून त्यांना शिवलेही नव्हते. त्यांनी हातातली पक्कड ट्रेमध्ये ठेवली, तिच्यावर रुमाल झाकला आणि तो हात आपणहून खाली येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.