नंदनवनात हरवलेली आई

माझं काम गाड्या वेळेवर पोचवण्याचं. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे. अकोल्याहून निघालेला ट्रक रस्त्यात कुठे थांबून चहा पितोय, हे मला नागपुरात खुर्चीवर बसून कळतं. त्यामुळे बाळ होणार म्हटल्यावर सगळ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला हसू यायचं. विदर्भभर पसरलेले ड्रायव्हर मी सांभाळते, त्यातले निम्मे फोनसुद्धा उचलत नाहीत. मग घरातल्या घरात राहणारा, पळूनही जाऊ न शकणारा एक एवढासा माणूस मला जड जाणार होता?

धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मी आईला परत पाठवलं. माझी आई, सुभद्रा, कामठीला ब्लाउज शिवते. लग्नसराई तोंडावर आली होती.

"तू दुकान बंद ठेवून इथे बसू नकोस. आमचं आम्ही करू," मी म्हणाले.

"तेल-पाणी कोण करन?"

"सगळं व्हिडिओत दाखवतात, आई."

आईनं तेलाची बाटली खिडकीत काढून ठेवली. मग "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

आमचं म्हणजे माझं आणि धम्मदीपचं. धम्मदीप, माझा नवरा, भंडाऱ्याला बँकेत आहे. सकाळच्या बसने जातो आणि दिवे लागल्यावर येतो. म्हणजे "आमचं आम्ही" मधला एक आम्ही दिवसभर भंडाऱ्यात असायचा.

उरलेली मी आणि हर्षित. हर्षितला व्हिडिओतलं काहीही मान्य नव्हतं. व्हिडिओतलं बाळ तेल लावताना हसायचं. आमचं तेलाची बाटली दिसली की पोलीस बोलावल्यासारखं ओरडायचं. मी केस विंचरायचे विसरले, मग जेवायचे विसरले. एकदा दारावरची बेल वाजली तर मी बाळाला थोपटत "झोप रे, झोप" असं दाराला सांगत होते. आईचा फोन आला की मात्र माझा आवाज एकदम ऑफिसचा व्हायचा. "सगळं मस्त चाललंय."

डिसेंबर होता. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत सकाळी बायका उन्हात बसायच्या. मी वरच्या मजल्यावरून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. खाली गेलं की प्रत्येकीचा एक सल्ला येणार, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी धम्मदीप गेल्यावर मी दुधाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात जरा खाली बसले. एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा भांडं आडवं झालं होतं, दूध ओट्याखाली गेलं होतं, माझ्या अंगावर कुणीतरी शाल टाकली होती आणि पाळणा रिकामा होता.

मी उठले आणि धावले. फोन घेतला नाही. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात धम्मदीपची.

खाली सिंधूताई गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या. माझा अवतार पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बाळ?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"अवं, मीच आणलं त्याले. दार उघडं, तू भिंतीले टेकून झोपलेली अन् लेकरू रडून राहिलं. म्हटलं, झोपू दे तिले. ऊन दाखवलं, तेल लावलं. हूं का चूं नाही केलं."

"तेल लावलं आणि रडला नाही?"

"काहून रडन? आता आंघोळीले गोपिकाकडे नेलं. तू बस. मुगाची खिचडी खाऊन जा."

मी नको म्हणाले. सिंधूताईंनी नको हा शब्द ऐकलाच नाही. उभ्या उभ्या चार घास खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी का यायला लागलं, ते मला कळलं नाही. "तिखट आहे," मी म्हणाले. खिचडीत मिरची नव्हती.

गोपिका समोरच्या घरातली. तिच्या न्हाणीघरात ओव्याच्या धुरीचा वास होता, पाटावर पाणी होतं. बाळ नव्हतं.

"आत्ता तर गेला," ती म्हणाली. "कपडे सारे भिजले न त्याचे. मागच्या गल्लीतल्या इंदुताईकडे नातवाचे कपडे आहेत, त्या घेऊन गेल्या. तुझे डोळे काहून असे लाल झाले वं?"

"धुरीनं."

तिनं माझ्या हातात कागदात गुंडाळलेला डिंकाचा लाडू ठेवला. मी तो घेऊन धावत इंदुताईंकडे गेले. तिथे हर्षितचं ओलं झबलं दोरीवर वाळत होतं आणि इंदुताई एकट्याच कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"भैयाजी घेऊन गेले त्याले फिरवाले," त्या म्हणाल्या. भैयाजी म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. "बागेकडे गेले असतील. पण तू अशी कापून काहून राहिली? बस न जरा."

पण मी गेटबाहेर पडले होते. कोपऱ्यावर बळीराम भाजीवाल्याची गाडी उभी होती. गाडीवरचा लाउडस्पीकर "आलू घ्या, कांदे घ्या" ओरडत होता.

"बळीरामभाऊ, एक बाळ पाहिलं का?"

त्यानं स्पीकर बंद केला. "कसं होतं?"

कपडे कुठले घातलेत ते मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "डोक्यावर केस नाहीत. दात नाहीत."

"असे एक भैयाजी आताच गेले," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यांच्या हातात एक बाळ पण होतं."

त्यानं दाखवलेल्या बाजूला मी गेले. बागेत भैयाजी नव्हते. झोपाळ्यापाशी पाहिलं, मागच्या गेटपाशी पाहिलं. दम लागला म्हणून बाकावर बसले. आणि बसल्यावर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मला भीती वाटत नव्हती. बाळ भैयाजींजवळ होतं, त्याच्या पोटावर ऊन पडलं होतं, अंगाला तेल लागलं होतं. कितीतरी दिवसांनी माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग पोटभर रडले. मग लाडू खाल्ला. मग म्हटलं, डोळे फक्त मिटू, झोपायचं नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, सगळ्यांनी सांगितलं. बाळ भुकेजलं म्हणून भैयाजी त्याला दुसऱ्या रस्त्यानं थेट आमच्या घरी घेऊन गेले. घर सताड उघडं, जमिनीवर दूध सांडलेलं, पलंगावर फोन वाजत होता. भैयाजींना कमी ऐकू यायचं. त्यांनी फोन उचलला आणि समोरचा धम्मदीप काही बोलायच्या आत सांगितलं, "बाळ सापडलं. आई हरवली."

धम्मदीप भंडाऱ्याहून निघाला. निघण्याआधी त्यानं कामठीला फोन केला. आईनं ऑटो गाठला. इकडे सिंधूताई म्हणाल्या, पोरगी माझ्याकडे रडली. गोपिका म्हणाली, माझ्याकडे पण. इंदुताई म्हणाल्या, कापत होती. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गल्लीत शोध सुरू झाला. कुणी गच्चीवर गेलं, कुणी विहिरीत वाकून पाहिलं. ती विहीर आमच्या जन्माआधीपासून बुजवलेली आहे.

मला जाग आली ती लाउडस्पीकरनं.

"रोशनीवहिनी, जिथं असान तिथून घरी या. बाळ भुकेलं आहे. गुलाबी गाऊन, पायात दोन वेगळ्या चपला, कोणाले दिसल्या तर सांगा. आलू घ्या, कांदे घ्या."

बळीरामची गाडी बागेच्या रस्त्यावरून चालली होती. बाळ भुकेलं आहे हे कानावर पडलं आणि माझा गाऊन पुढून ओला झाला. मी शाळेत कधी धावले नव्हते इतकी धावले.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, भैयाजी, आणि मधोमध आई. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. कुणीही रागावलं नाही. आईनं हर्षितला माझ्या मांडीवर दिलं आणि पुरुषांना बाहेर काढलं. तो प्यायला लागला. घर एकदम शांत झालं.

लग्नानंतर मी घरात सगळ्यांशी नीट पुस्तकातल्यासारखं बोलते. त्या वेळी तोंडातून निघालं ते कामठीचं.

"आई, मले जमून नाही राहिलं."

"कोणाले जमते वं?" आई म्हणाली. ती माझ्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होती. "तू झाली तवा आपल्या लाइनीत सगळी हातमागवाल्यांची घरं. मी मशीनवर बसो अन् तू या घरून त्या घरी. कोणी न्हाऊ घाले, कोणी निजवे. संध्याकाळी मी दारोदार विचारत फिरो, माही पोरगी कोणाकडे आहे. एकदा तर दुसरीचीच उचलून आणली होती."

"मग?"

"मग काय, तिले दूध पाजलं अन् नेऊन दिली. तू शेजारीच झोपून होती."

सिंधूताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मीही हसले, आणि हसताना हर्षितचं पिणं सुटलं म्हणून तो माझ्यावर ओरडला.

धम्मदीप पोचला तेव्हा मी गाढ झोपले होते. त्यानं काही न विचारता ओट्याखालचं दूध पुसलं. आई राहिली. शिलाई मशीन तिनं टेम्पोत घालून आमच्या हॉलमध्ये आणली आणि कामठीच्या नवऱ्या मापं द्यायला नंदनवनात येऊ लागल्या. आंघोळ गोपिकाकडे, ऊन सिंधूताईंकडे, फिरणं भैयाजींकडे. मी रोज सकाळी खाली जाऊन बायकांत बसायला लागले. सल्ले पुष्कळ मिळाले. त्यातले बरेचसे चुकीचे होते, पण ते ऐकताना कुणीतरी हातात वाटी द्यायचं.

त्या डिसेंबरची आता फार आठवण येते. गोपिका पुण्याला गेली, भैयाजी राहिले नाहीत, आणि त्या उन्हात आता कुणाची तरी कार उभी असते.

हर्षित पहिलीत गेलाय. परवा पालकसभेत त्याच्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या आमच्याच भागात राहतात.

"तुम्हीच ना त्या, हरवलेल्या आई?"

मी हो म्हणाले. घरी येताना हर्षितनं माझं बोट सोडलं नाही.

"तू खरंच हरवली होतीस?"

"हो."

"रडलीस?"

"रडले."

"मग तुला कोणी घरी आणलं?"

मी सिंधूआजीपासून नावं सांगायला सुरुवात केली. तो लक्ष देऊन ऐकत होता. कामठीच्या आजीवर आले तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"एवढ्या लोकांना कशाला त्रास दिला?" तो म्हणाला. "तुला आपला पत्ता येत नव्हता?"