पिस्ता डायल

परबकाकांच्या मनगटावर लाखांचं घड्याळ असायचं आणि वेळ ते लिफ्टमध्ये आम्हाला विचारायचे. घड्याळाला चावी देत नसत. काटे कायमचे दहा वाजून दहा मिनिटांवर. "चालते काटे सारखे आडवे येतात रे, रंग झाकतात!"

मुलुंडला आमच्याच इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात. औषधांची दोन दुकानं चालवायला दिली आणि येईल ते घड्याळांत घातलं. कंपनीचं त्यांना काही नव्हतं, डायलचा रंग हवा. "मेल्या, काळा-निळा कोणीही घालील. लोक ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावतात, तो आपल्याकडे पाहिजे." प्रत्येक घड्याळाच्या डब्यात काकूंच्या अक्षरात रंगाची चिठ्ठी: सोलकढी, कैरीची फोड, ओला काजू.

काकू गेल्यावर ते रविवारी सकाळी मला बोलावू लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून त्यांच्या लेखी मी विद्वान. गॅलरीत उन्हात घड्याळ धरून विचारायचे, "कॉलेजवाल्या, सांग, कुठला रंग?" मला वाटायचं, माझी परीक्षाच चाललीय. चुकू नये म्हणून मी डायलपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघायचो.

काकूंना पिस्ता रंगाची डायल एकदा बघायची होती. ते राहून गेलं. गेल्या वर्षी व्यापाऱ्याने दोन घड्याळं पसंतीला पाठवली, एक पिस्ता, एक राखाडी. एक ठेवून दुसरं संध्याकाळपर्यंत परत करायचं होतं. काकांनी राखाडी उचललं. "हाच ना पिस्ता?"

आवाज इतका ठाम होता की मीच गडबडलो. म्हटलं, या घड्याळवाल्यांत ह्यालाच पिस्ता म्हणत असतील.

"हो काका."

"झकास!" चिठ्ठीही त्यांनी मलाच लिहायला लावली. परत गेलेलं घड्याळ त्याच आठवड्यात विकलं गेलं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी स्मिताताई आली, तेव्हा मी तिथेच होतो. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून ती म्हणाली, "बाबा, हे राखाडी कशाला ठेवलंत?" मग माझ्याकडे वळून हळूच, "त्यांना हिरवा कळत नाही रे, जन्मापासून. रंग आईच सांगायची. तुला ठाऊक नव्हतं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. पण राखाडी मला दिसला होता, हे तर ठाऊक होतं.

काकांनी ऐकलं होतं. "स्मिते, तुझे डोळे तपासून घे. शिकलेला मुलगा आहे, उन्हात बघितलंय त्याने." आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "सांग रे हिला."

पुन्हा 'हो' म्हणणं फार सोपं होतं.

"राखाडी आहे, काका."

ते रागावले नाहीत. मनगटही मागे घेतलं नाही. म्हणाले, "मग तो दुसरा? कसा होता तो? नीट आठवून सांग. तुझ्या काकूला सांगायचंय."