हरभऱ्याचं झाड आणि कुकरचं झाकण

भांडं निवडावं तर मीच! असं लोक म्हणतात. म्हणजे, सध्या मीच म्हणतो, पण पुराव्यानिशी म्हणतो. सहलीसाठी थर्मल कुकर घ्यायचं ठरलं आणि मी सलग पाच रविवार भांड्यांच्या दुकानात मुक्काम ठोकला. काय वस्तू आहे महाराजा! आतलं भांडं पंधरा मिनिटं गॅसवर उकळायचं, ते बाहेरच्या जाड डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. आग नाही, शिट्टी नाही. आपण गाडीत डुलक्या काढतोय आणि मागे डिकीत जेवण आपलं आपण शिजतंय! ज्याला हे सुचलं त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं.

पाच रविवारांत मी नऊ कुकरांत उकळतं पाणी ओतलं, चार-चार तास थांबलो आणि त्या पाण्याचा चहा करून पाहिला. नवव्या चहाला भांडीवाल्याने हात जोडले.

"साहेब, हा साडेचार लिटरचा न्या. याच्यापेक्षा चांगला कुकर माझ्याकडे नाही आणि आता साखरही नाही. फक्त एक करा. मधे झाकण उघडू नका. एकदा उघडलं की तासाभराची ऊब गेली!"

"मी काय झाकणं उघडत फिरणारा वाटलो का तुम्हाला?" मी म्हणालो.

आता हा सगळा आटापिटा कुणासाठी? तर सासऱ्यांसाठी. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज सहाशे माणसांचा स्वयंपाक केला. माणूस देव, पण कशाला चांगलं म्हणायची सवय नाही. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "चालेल." अकरा वर्षं झाली, मी अजून 'चालेल'वरच आहे. या सहलीत त्यांच्या तोंडून एकदा 'छान' काढायचंच, असा मी चंगच बांधला होता.

सकाळी आठला, रात्रभर भिजवलेले हरभरे, बटाटे आणि टोमॅटो उकळून कुकरमध्ये ठेवले. खट्‌! झाकण बसलं. एक वाजता तळ्याकाठच्या तंबूत गरमागरम जेवण!

जिन्यात वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर भेटले. "हे काय, नवीन?" त्यांनी सहज विचारलं.

आता सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाला वस्तू दाखवल्याशिवाय आमचा हात थांबत नाही. मी झाकण उघडलं. भस्सकन वाफ आली आणि डॉक्टरांचा चष्मा धुरकटला.

"वा! कमाल आहे!" डॉक्टर म्हणाले.

"अहो, झाकण!" बायको म्हणाली.

"एक सेकंद गं! डॉक्टरांना अजून दिसलं कुठे?" त्यांनी चष्मा पुसेपर्यंत मी झाकण धरून उभा!

वाटेत गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाला भला माणूस. त्याने डिकीतून स्टेपनी काढताना विचारलं, "साहेब, ही टाकी कसली?" टाकी! माझ्या कुकरला टाकी! मी त्याला आतून-बाहेरून समजावलं. तो इतका खूश झाला की त्याने दुकानाच्या आतल्या भावाला हाक मारली. भावाने पाहिलं नव्हतं, म्हणून पुन्हा उघडलं. मग भाऊ त्याच्या बायकोला घेऊन आला.

"साहेब, अशी पारख पाहिजे बघा!" पंक्चरवाला म्हणाला. कुकरमध्ये हरभरे होते आणि मी हरभऱ्याच्या झाडावर!

मामा गाडीच्या सावलीत उभे राहून बघत होते.

तंबूंच्या मैदानावर रखवालदाराने पावती फाडायच्या आधी कुकर बघितला. या वेळी वाफ जरा अशक्त वाटली.

"वाफ मुरलीय आत," मी त्याला सांगितलं.

एक वाजता मी ऐटीत वाढलं. मामांनी पहिला घास घेतला. कट्ट! आवाज शेजारच्या तंबूपर्यंत गेला असावा. लोखंडाचे चणे खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष खाल्लं. आणि रस्सा? आंघोळीला चालला असता.

"भांडीवाल्याने फसवलं!" मी ओरडलो. "पाच रविवार! नऊ चहा! दाखवतोच त्याला!"

"बाबा, तुम्ही सहा वेळा झाकण उघडलंत," आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली. "मी मोजलं. वळणावर गाडी थांबवून एकदा एकटेच बघत होतात, तेसुद्धा धरलंय."

हात दाखवून अवलक्षण! माझं तोंड त्या रश्श्यापेक्षा कोमट झालं. 'छान' तर गेलंच, आता 'चालेल'सुद्धा काढून घेतात की काय, याची धास्ती!

मामा मात्र उठले. बाह्या सरसावल्या. चहाच्या छोट्या शेगडीवर भांडं चढवलं, खळखळून उकळी येऊ दिली, घड्याळ लावून पुरी पंधरा मिनिटं. मग भांडं डब्यात ठेवलं, झाकण दाबलं आणि वर चौघडी करून चादर टाकून स्वतः त्यावर बसले! बसले म्हणजे बसलेच. पेपर उघडला.

अर्ध्या तासाने रखवालदार दोन सोबत्यांना घेऊन आला. "साहेब, यांना जरा दाखवता का?"

मी नकळत पुढे झालो. मामांनी पेपरावरून नुसतं बघितलं. मी मागे झालो.

"खेळ संपला," मामा रखवालदाराला म्हणाले. "चारला या. जेवायलाच या."

अडीच तास तो माणूस हलला नाही! शाबास मामा! सहाशे माणसांचं पोट सांभाळणारा हात कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. ते चुलीपेक्षा माणसांवर जास्त लक्ष ठेवत असणार.

चारला मामा उठले आणि झाकण निघालं. काय ती वाफ! काय तो वास! हरभरा जिभेवर ठेवताच विरघळला. रखवालदार आणि सोबती धरून आम्ही सात जण पोटभर जेवलो. मामांनी दोनदा वाढून घेतलं, ताट बोटाने निपटलं आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, भांडं निवडलंत मात्र छान!"

छान! अकरा वर्षांनी! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेवढ्यात मामा पुढे म्हणाले, "आमच्या मुलीकडे नवरा निवडताना ही नजर असती तर!"

बायकोला हसून हसून ठसका लागला. लेकीने तिची पाठ चोळली. मी मात्र पहिलं वाक्य तेवढं उचललं, आत ठेवलं आणि घट्ट झाकण लावलं. दुसरं मी ऐकलंच नाही!

त्याला आता दोन महिने होतील. ते वाक्य अजून गरम आहे. खोटं वाटतं? वरच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना दाखवलंय. पंक्चरवाल्याकडे तर मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो. आणि आत्ता तुम्हालाही...

"अहो, झाकण!" स्वयंपाकघरातून आवाज आलाच.