लिंबाजीमामांच्या जीपचा काटा

लिंबाजीमामा गाडी चालवताना काट्याकडे कधीच बघत नसत. जीप किती वेगात चाललीय, इंजिन किती तापलंय, हे शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने वाचून सांगायचं. 'नजर रस्त्यावर, कान शेजारी' हा त्यांचा कायदा. त्या जुन्या जीपचे सगळे काटे चालवणाऱ्यापुढे नव्हे, तर दोन्ही जागांच्या बरोबर मधोमध होते. "कामून बसवले असतील मधी?" ते विचारत आणि स्वतःच सांगत, "शेजारच्यानं वाचावं म्हून!"

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, शालूचे सख्खे मामा. झरी ते परभणी त्यांची भाड्याची जीप. घरात एकटेच. त्यांचे उपकार काही फिटायचे नाहीत, म्हणून निदान सांगतो तरी.

मी झरीच्या शाळेत मास्तर, त्यात जावई. त्यामुळे पुढची जागा माझी. हा माझ्या शिक्षणाचा मान, अशी माझी समजूत. "बोला, जावाई!" म्हटलं की मी सुरू, "चाळीस! बेचाळीस! पाणी गार!" मागचे बाजारकरू हसत. मी आवाज आणखी चढवी.

स्टँडवरचे ड्रायव्हर मामांची खेचत. "काटा लागतोच कशाला? खड्डा आला की हळू, सरला की जोरात." दुसरा म्हणे, "मागं बायका वरडल्या की समजायचं, जास्ती झाली."

"आकडा पायजेच, लेकहो," मामा म्हणत. "पर खाली न्हाई, समोर काचंवर. रस्ता बी दिसंल, आकडा बी."

एकदा त्यांनी तेही करून पाहिलं. दाढीचा ऐना तारेने काचेला बांधला. आकडे दिसले ते उलटे, आणि आकड्यांपेक्षा स्वतःच्या मिशाच जास्त. मिशांना पीळ देता देता जीप कापसाच्या रानात शिरली. "ऐना बेकार," त्यांनी निकाल दिला. "माणूसच बरा."

एका दुपारी शालूला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नर्सबाई म्हणाल्या, "परभणीला न्या. पण हळू, धक्का बसता कामा नये." सासूबाई तिला धरून मागे बसल्या. मीही मागे चढू लागलो.

"जावाई, पुढं या!" मामा गरजले.

"मामा, पण ती..."

"तिच्यापाशी तिची माय हाय. तुमी काटा वाचा. वीसच्या वर गेला की बोला."

शालू कण्हली की माझी मान मागे वळे.

"कुठं बघायलाव? काटा!"

"अठरा." माझा आवाज शेळीसारखा.

"आयकू येईना!"

"अठरा! एकोणीस! अठरा!"

मागून शालू दातओठ खात ओरडली, "मामा, ह्यांना गप करा हो!"

परभणीत मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या ओसरीत मामांच्या पायाच पडलो. "तुम्ही काटा वाचायला लावलात म्हणून गाडी वीसच्या वर गेली नाही."

"सगळा रस्ता दुसऱ्या गेरात काढला, जावाई. जाऊन जाऊन जाती किती?"

"मग मला कशाला वाचायला लावलंत?"

मामा खांबाला टेकून खाली बसले.

"तुमची मामी पहिलटकरीण व्हती," ते म्हणाले. "बैलगाडीत आनली. बैलं माझा बाप हाकत व्हता. मला कुनी कायी काम सांगितलं न्हाई. परभणी येईस्तोर नुसता तिच्या तोंडाकडं बघत बसलो."

मामी नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. कशा गेल्या, हे आमच्यातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. मामा धडपडत उठू लागले. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, पण पुढे काही करेनात. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि लेक त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मामा, हिची मान सांभाळा," मी म्हणालो. "मी शालूला बघून येतो."