अडीचशेच्या वरचे भाऊसो

मोठेपणा मोजायची सोय नसेल तर समाजाची घडी विस्कटते, हे आता शास्त्रालाही मान्य आहे (कोणत्या, ते शास्त्राने कळवलेलं नाही). फलटण तालुक्यातल्या बोरजाईवाडीत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या होती. एकरी किती टन ऊस, घरात किती फौजी आणि लग्नात किती पंगती, या तीन मापांवर गाव नीट चालत आलं होतं. पण दोन हजार एकवीसच्या कोरोनात गाळप संपलेलं, फौजी रजेवर घरातच अडकलेले आणि पंगतीला तहसीलची परवानगी. तिन्ही मापं एकदम निकामी झाली. कुणाला आधी रामराम घालायचा हेच लोकांना कळेना. अशा अवघड प्रसंगी गावाच्या मदतीला मानवी शरीर धावून आलं.

त्याआधी थोडं सुभेदारांविषयी. नायब सुभेदार मानसिंग अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून गावी आले होते. वय अठ्ठावन्न, मिशी सरळ आणि बोलणं मोजकं. फेटा बांधावा तर त्यांनीच, असा पंचक्रोशीत लौकिक. लशीचा पहिला डोस गावात सगळ्यात आधी त्यांनी घेतला आणि घेताना दंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या एप्रिलात त्यांचे थोरले चुलतभाऊ भाऊसो यांनी मुलाचा, इंद्रजितचा, साखरपुडा केला. भाऊसो म्हणजे चाळीस एकर उसाचे धनी आणि सोसायटीचे चेअरमन. परवानगी पंचवीस माणसांची होती आणि ती काटेकोर पाळली गेली. एका वेळी पंचवीसच जेवायला बसले, फक्त असे सात वेळा बसले. यजमान दिवसभर खोकत होते. विचारणाऱ्याला ते सांगत, "पाचटाची धूळ गेली रं घशात."

आठ दिवसांत गावात चौदा माणसं आडवी झाली. सुभेदारांची बायको शालूबाई अकरा दिवस फलटणच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळीवर होती. ती वाचली, पण तीन पायऱ्या चढल्या की चौथीवर बसायला लागली.

रोग आणला कुणी, याची चौकशी ग्रामदक्षता समितीने केली. समितीचे अध्यक्ष भाऊसो होते. साखरपुड्याच्या आदल्या सोमवारी सुभेदार साताऱ्याला मिलिटरी कँटीनमध्ये जाऊन आले होते, हे उघडकीला आलं. सातारा हा जिल्हा असल्यामुळे रोग तिथूनच येणार, असा निष्कर्ष निघाला. सुभेदारांच्या बोळाला आडवा बांबू लागला. डेअरीत त्यांच्या किटलीसाठी वेगळा चौकोन आखला गेला. बायको नळीवर असताना मानसिंग त्या चौकोनात ताठ उभे राहात आणि कुणी काही बोललं तर गायीच्या फॅटविषयी बोलत. आत मात्र एकच गोष्ट जळत होती. खोकणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि आळ त्यांच्यावर आला होता.

ऑगस्टात भाऊसोंनी गावासाठी अँटिबॉडी तपासणीचं शिबिर भरवलं. सांगलीच्या एका लॅबमधून सोनम नावाची तंत्रज्ञ मुलगी आली, शाळेच्या वर्गात खुर्ची टाकून बसली आणि दोन दिवसांत एकशे बारा माणसांचं रक्त घेऊन गेली. निकाल आले आणि बहुतेक कागदांवर "पॉझिटिव्ह" छापलेलं पाहून आप्पासो किराणावाले दुकानाला कुलूप लावून कुटुंबासह रानातल्या खोपीत राहायला गेले. हे पॉझिटिव्ह चांगलं आणि ते पॉझिटिव्ह वाईट, हे पटवून त्यांना परत आणायला दीड दिवस लागला.

एकदा ते पटल्यावर मात्र गावाला हवं ते माप सापडलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, जिथे पूर्वी पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं असत, तिथे उतरत्या क्रमाने आकडे लागले. डेअरीत दूध घालायची रांग आकड्याप्रमाणे लागू लागली. शंभराच्या वरच्यांनी तोंडाची फडकी सोडली. दोनशेच्या वरचे तर मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडाजवळ जाऊन बोलू लागले. स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांनी मुलीची उंची, शिक्षण आणि आकडा विचारल्याची एक नोंद आहे (मुलगी बीएस्सी, पाच फूट दोन, एकशे चाळीस, जमलं).

सुभेदारांचा आकडा आला एकशे अठरा. शालूबाईचा एकशे नव्वद, म्हणजे ती नवऱ्याच्या पुढे रांगेत लागली. सगळ्यात खाली हरणाबाई होती. ती माळावर मेंढरं राखणारी. तिच्यापुढे शून्य. गावाने तिच्याविषयी हळहळ व्यक्त केली आणि मुलांना तिच्याजवळ जाऊ नका म्हणून सांगितलं.

आणि सगळ्यात वर भाऊसो. त्यांच्या कागदावर आकडाच नव्हता. "अडीचशेहून अधिक" असं लिहिलं होतं. यंत्राची मोजण्याची ताकद अडीचशेला संपते. भाऊसोंपुढे सांगलीचं यंत्र हरलं, ही बातमी तासाभरात फलटणच्या बाजारापर्यंत गेली. त्यातही भाऊसोंनी लस घेतलेली नव्हती. "सुईचं आपल्याला वावडं हाय," ते म्हणत. "म्हशीचं दूध आन् सांगलीची हळद. आपलं रगातच तसलं हाय."

सत्काराचं ठरलं. शाल, श्रीफळ, फेटा. फ्लेक्सवर भाऊसोंच्या फोटोखाली "अडीचशेच्या वर, एकच" असा मजकूर. फेटा बांधायला अर्थातच सुभेदारांना बोलावणं आलं आणि त्यासाठी बोळाचा बांबू तीन तासांपुरता काढला गेला.

"जाऊ नगासा," शालूबाई म्हणाली.

"न्हाई गेलो तर म्हनत्याल, जळतोय."

"जळताच की तुमी."

सुभेदार गेले.

व्यासपीठावर त्यांनी भाऊसोंच्या डोक्याला पहिला वेढा दिला, तेव्हा सोनमला दोन शब्द बोलायला सांगितलं गेलं. ती राहिलेले अहवाल द्यायला आली होती आणि तिला एसटी गाठायची होती. तिने शाळेत सांगतात तसं सांगितलं. शरीरात एक फौज असते. नवा शत्रू आला की ती त्याला ओळखते आणि त्याच्या मापाचं हत्यार घडवते. ते हत्यार म्हणजे अँटिबॉडी. शत्रू आल्याशिवाय किंवा लशीने त्याचं चित्र दाखवल्याशिवाय ती ते घडवत नाही. आकडा कमी म्हणजे माणूस दुबळा असं नाही, कारण शत्रूचा चेहरा लक्षात ठेवणारे काही शिपाई आत बसलेले असतात आणि ते या तपासणीत दिसत नाहीत. एकशे अठरावाल्या सुभेदारांना हे फार आवडलं.

"आणि हे दुधानं किंवा हळदीनं येत नाही," ती पुढे म्हणाली. "साहेबांनी लस घेतलेली नाही. म्हणजे साहेबांना आजार होऊन गेलेला आहे."

टाळ्या वाजल्या, कारण त्या प्रत्येक वाक्याला वाजत होत्या. मग हळूहळू थांबल्या.

सुभेदारांच्या हातात फेट्याचं उरलेलं पाच हात कापड होतं. "कवा?" त्यांनी विचारलं.

"अँटिबॉडीवर तारीख नसते, काका."

"पर झालाय, ह्ये नक्की."

"हो, नक्की."

फेटा अर्धवट बांधलेला असल्यामुळे भाऊसोंना उठून जाता येईना. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आन् सुभेदाराचं काय? त्येला बी आकडा हायच की."

"त्यांनी लस घेतलीय," सोनम म्हणाली. "त्यांचा आकडा लशीचाही असू शकतो. बघायचं असेल तर दुसरी तपासणी आहे. काका, विषाणू म्हणजे काटेरी फळ समजा. तुम्हाला टोचलेली लस शरीराला फक्त काटे दाखवते. आतल्या गराची ओळख पटते ती खरोखर तो शिरला तरच. गराच्या अँटिबॉडी सापडल्या तर आजार होऊन गेलेला."

"करा माझी," सुभेदार म्हणाले. "आत्ताच काढा रगात."

साडेतीन महिन्यांनी त्यांची छाती पूर्ण भरली. त्यांना एप्रिलपासून आजतागायत शिंकही आली नव्हती. त्यांनी फेट्याचा तुरा अत्यंत मन लावून काढला. तसा देखणा फेटा भाऊसोंच्या डोक्यावर पूर्वी कधी बसला नव्हता.

चार दिवसांनी सोनमचा फोन आला. सुभेदार ओसरीवर होते, शालूबाई समोर तूर निवडत होती. ते ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

"काय म्हनली ती पोर?"

"माझ्यात बी गराचं सापडलं."

शालूबाईने एक खडा काढून बाजूला टाकला. "शिंकला न्हाईसा तुमी."

"काहींना कळत बी न्हाई म्हनली. येतो आन् जातो."

"मग मला तुमी दिला का त्यांनी?"

"त्येच्यावर तारीख नसती."

ती पुन्हा निवडू लागली. निवडता निवडताच म्हणाली, "साडेतीन म्हैनं ह्या घरात एकच नाव घेत व्हता. आता दोन घ्या. आन् जाऊन सांगा तसं."

गप्प बसता आलं असतं, हा विचार सुभेदारांच्या मनात आला नाही असं नाही. तो आला आणि रात्रभर मुक्कामाला राहिला. कँटीनमध्ये रांगेत मागे उभा असलेला माणूस त्यांना आठवला. साताऱ्याहून आल्यावर शालूबाईच्या ताटातलं लोणचं उचललेलं आठवलं. सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बोळाचा बांबू स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि ग्रामसभेत जाऊन निकाल उभ्याने सांगितला.

"भाऊसोंचा आला असंल, न्हाईतर माझा. दोघातल्या कुनाचा, ते आता कळायचं न्हाई," ते म्हणाले आणि बसले.

भाऊसोंना हायसं वाटलं. पण गावाला वाटलं नाही. कारण आप्पासो किराणावाले हिशेबी माणूस. त्यांची नजर फळ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. फळ्यावरच्या एकशे बारापैकी एकसष्ट जणांनी लस घेतलीच नव्हती. त्यातल्या चोपन्न जणांचा आकडा उत्तम होता. गावच्या दप्तरी आजारी मात्र त्यातले चौदाच. उरलेल्या चाळीस जणांनी त्या एप्रिलात काय काय सांगितलं होतं, ते एकेकाला आठवू लागलं. थंड ताक. पंख्याखाली झोप. सासरचं पाणी. पोळ्याच्या मधाची ॲलर्जी. एकाने तर बायकोच्या बोलण्याने अंग तापतं असं सांगून डॉक्टरकडे जायचं टाळलं होतं.

सभेत कुणीतरी खोकलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

पुढचं कामकाज झपाट्याने झालं. ठराव एक: फळा पुसण्यात यावा. मंजूर. ठराव दोन: सुभेदारांचा बांबू कायमचा काढण्यात यावा. मंजूर. परंतु रोग आला तर होता, आणि दप्तरात कारणाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, असं ग्रामसेवकांनी निदर्शनास आणलं.

"हरणाबाई हिंडती रानोमाळ," भाऊसो विचारपूर्वक म्हणाले. "आज हितं, उद्या तितं."

"तिचा शून्य हाय," सुभेदार बसल्या जागेवरून म्हणाले. "तिला झालाच न्हाई. आन् तवा ती हितं नव्हतीच, मेंढरं घेऊन मेढ्याच्या डोंगरात व्हती."

"त्येच म्हनतोय गड्या. सगळा वाटून टाकला, म्हनून शिल्लक शून्य. आन् हितं नव्हती, म्हंजी बाहेरनंच आनला की."

यात कुणालाही खोट काढता आली नाही. ठराव तीन मतास टाकला गेला. बाकी सगळे हात वर गेले. सुभेदारांनी हात वर केला नाही. उभे राहून "चुकीचं हाय" असंही ते म्हणाले नाहीत. साडेतीन महिन्यांनी त्यांच्या मांडीला मांडी लावून आज पहिल्यांदा माणसं बसली होती, आणि उठलं तर ती जागा पुन्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. इतिवृत्तात "एकमताने" असं लिहिलं गेलं.

हरणाबाईला गिरणीवर पंधरा दिवस बंदी झाली. संध्याकाळी ती दळणाची पिशवी घेऊन सुभेदारांच्या दारात आली.

"आवं सुभेदार, तुमी शिकल्यालं हायसा. शून्य म्हंजी नापास व्हय?"

"न्हाई," ते म्हणाले. "तूच तेवढी पास हायेस."

"मग बंदी का?"

शालूबाईने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चौथ्या पायरीवर न बसता गिरणीच्या वाटेला लागली. सुभेदार हरणाबाईकडे पाहात उभे राहिले. "गावानं ठरवलंय," ते म्हणाले. साडेतीन महिने हेच वाक्य ते बांबूच्या आतून ऐकत आले होते. बाहेरून ते बोलायला इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, आणि सकाळी उठल्यावर त्याचीच त्यांना लाज वाटली.

बोरजाईवाडीच्या दप्तरात रोगाचं कारण आजही हरणाबाई असंच आहे, आणि अशा अडाणी गावाला हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र त्या वर्षी तुमच्या घरात तो कुणामुळे शिरला, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे. हे वाचताना एक नाव मनात येऊनही गेलं असेल. ते कुणाचं, हे आम्ही विचारत नाही. ते तुमचं स्वतःचं नव्हतं, एवढी नोंद मात्र रक्त न घेताही करता येते.