उपाशी सरी

लग्नाच्या पंगतीत नानांच्या शेजारी बसायचं नाही, असा मी नियम केला आहे. वाढपी बुंदी घेऊन आला की नाना पानावर आडवा हात धरतात आणि सांगतात, "निम्मी आत्ता वाढ. निम्मी वीस मिनिटांनी. एकदम टाकली तर वाया जाती." वाढपी काही परत येत नाही. मग नाना अर्धपोटी उठतात आणि घरी जाईपर्यंत मला युरियाचं शास्त्र ऐकवतात.

सिन्नरकडे आमचं गाव. नाना माझे शेजारी. मनमाडला रेल्वेत पार्सलबाबू होते, निवृत्त होऊन गावी आले. नानी गेल्या, मुलगा नाशकात स्थायिक झाला आणि नानांनी गावातल्या बटाट्याचा ताबा घेतला. कुणी खताची गोणी उतरवली की हे हजर. "बटाट्याला इचारलं का?"

बटाट्याला कसं विचारायचं, हे मला इच्छा नसताना पाठ झालं आहे. नाना सकाळी माझ्या रानात शिरतात, वरून चौथं पान तोडतात, त्याचा देठ ठेचून रस काढतात आणि कागदी पट्टीवर थेंब टाकतात. पट्टीच्या रंगावरून झाडाला नत्र हवं की नको ते कळतं म्हणे. रान माझं, पान माझं, देठ ठेचायचा खलबत्ताही आमचाच. एकदा त्यातली लसणाची चटणी कडू लागली तेव्हा बायकोने खलबत्ता कडीकुलपात ठेवला. नानांनी दुसऱ्या दिवशी आमचं लाटणं नेलं.

यंदा मी वैतागून त्यांना हो म्हणालो, ही माझी चूक. युरिया निम्माच द्यायचा, तोही तीन वेळा थोडाथोडा. आणि मधल्या एका सरीला अजिबात द्यायचा नाही. तिचं नाव उपाशी सरी. "जमीन आपणहून किती देती, ते ती सांगंल," नाना म्हणाले. "मग वरून किती टाकायचं त्याचा हिशेब लागतो. काढणीला आख्ख्या गावाला दाखवू." गावाने आजवर त्यांना हसण्यावारीच नेलं होतं. ही सरी त्यांचा पुरावा होती.

शेजारची रानं काळपट हिरवी झाली, माझं फिकट राहिलं. येणारा-जाणारा विचारायचा, "भास्कर, कावीळ झाली का रे रानाला?" वर्षाचं पीक असं डोळ्यांदेखत फिकटताना पाहून माझा जीव टांगणीला लागायचा आणि मी नानांवर डाफरायचो. ते पट्टी दाखवायचे.

कामाच्या बायांनी युरिया टाकून बटाट्याला मातीची भर लावली आणि थोड्याच दिवसांत एक नवल घडलं. उपाशी सरी हिरवीगार झाली. नाना हरखून गेले. "बघ, जमीनच देतीय!" तिचा देठ मात्र त्यांनी कधी तोडला नाही. उपाशी जिवाला चिमटे काढू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

काढणीला नानांनी गावातल्या चौघांना बोलावलं. उपाशी सरीतला माल वजनकाट्यावर चढला आणि शेजारच्या सरीपेक्षा जास्त भरला. नानांनी पुन्हा वजन केलं. तेवढंच. हरखण्याऐवजी त्यांचा चेहरा पडला. इतकं जमीन एकटी देत नाही, हे त्यांनाच सगळ्यात आधी कळलं.

पेठकडून कामाला आलेल्या बायांची मुकादम सोनाबाई पुढे आली. "नाना, खत टाकताना ती सरी लय पिवळी दिसं. सगळ्यांना वाढायचं आन तिला नाय, मला नाय बघवलं. मूठभर जास्तच टाकलं."

मागच्या पाचही जणींनी माना खाली घातल्या. प्रत्येकीने दुसरीच्या नकळत आपापली मूठ टाकली होती.

चौघे पोट धरून हसले आणि निघून गेले. बाकीच्या रानात निम्म्या युरियावर दरवर्षीइतकाच बटाटा निघाला होता, पण ते पाहायला कुणी थांबलं नाही. नाना सोनाबाईवर ओरडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरं केलंस बाई," आणि बांधावर जाऊन बसले.

मी पाणी घेऊन गेलो. नानांनी आजवर माझ्याकडे कशाचीही परवानगी मागितली नव्हती. आता खाली बघत म्हणाले, "पुढच्या साली अजून एक सरी देशील का? पोरानं माझं रान ठोक्यानं दिलंय. तो ठोकेकरी मला बांधावर बी उभं राहू देत नाय."

रान ठोक्याने, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला गेलं, हे मला माहीत होतं. नाना माझ्याच रानात का घुसतात, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. मला फार वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला.

"सरी कशाला, नाना? विहिरीकडचे चार गुंठे तुम्हीच करा."

नाना उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, "करतो. पण मला इचारल्याबिगर तिथं पाय टाकायचा नाय."

"नाही टाकणार," मी म्हणालो.