डॅनिश खुर्चीखालचं नाव

कोणतीही खुर्ची नीट ओळखायची तर ती उलटी करावी लागते, आणि उलटी करायची तर तिच्यावरचा माणूस आधी उठवावा लागतो. या दुसऱ्या अटीपायी आपल्याकडे हे शास्त्र मागे पडलं.

ते पुढं नेण्याचं काम सोलापुरात ओजसनं अंगावर घेतलं होतं. हातांचा बाक, पायांचा उतार आणि बैठकीखालची खूण एवढ्यावरून जुन्या डॅनिश खुर्चीचा डिझायनर ओळखणं, हा त्याचा विषय. (शिक्षण: मोबाईलवर, जेवताना.) सोलापुरात अशा खुर्च्या शून्य आणि तज्ज्ञ एक. दरखुर्ची तज्ज्ञांचं हे प्रमाण खुद्द डेन्मार्कलाही जमलेलं नाही. दाताच्या डॉक्टरांकडचं बाकडं त्यानं कोपनहेगनचं ठरवलं होतं. मावशीच्या कमोडच्या खुर्चीबाबत मतभेद होते, पण ते फक्त मावशीचे.

एवढ्या विद्वानाला मुलगी मिळत नव्हती. बार्शीची उर्वी त्याला फोटोतच आवडली होती. हे स्थळ हुकवायचं नाही, असं स्वतःला बजावूनच तो एसटीत बसला.

बार्शीत दार उघडलं, तर समोर उर्वीचे आजोबा महेश्वरआण्णा. सागवानी खुर्चीत. तिचे हात असे काही वळलेले, की ओजसचा चहा गार झाला. उर्वी आपलं शिक्षण सांगत होती आणि तो खुर्चीच्या पायांचा उतार मोजत होता.

"आण्णांना जरा उठता येईल का?" त्यानं विचारलं.

"ते फक्त मतदानाला उठतात," उर्वीचे वडील म्हणाले.

शास्त्रापुढं इलाज नसतो. ओजस नव्या शर्टासकट फरशीवर पालथा झाला आणि मोबाईलचा टॉर्च लावून आण्णांच्या पायांशी सरपटला.

खोली गहिवरली.

"साष्टांग घालतंय की पोरगं," आण्णा म्हणाले. "आजकाल गुडघ्यापत्तोर कुणी वाकत न्हाई." आणि हात पोचला तिथं आशीर्वाद दिला. (कमरेवर.)

बैठकीखाली खूण होती. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये: 'सुस्वागतम् मंडप डेकोरेटर्स, मोडनिंब.'

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवण्यात आलं.

"टॉर्च लावून नमस्कार पहिल्यांदाच बघितला," उर्वी म्हणाली. "खाली काय दिसलं?"

एका पारड्यात शास्त्र होतं, दुसऱ्यात उर्वी.

"डिझायनरचं नाव," ओजस म्हणाला. "डॅनिश आहे. शंकाच नाही."

उर्वीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मोडनिंबला आत्याचं लग्न होतं. आण्णा त्या खुर्चीतून उठेनात, म्हणून खुर्चीसकट टेम्पोत चढवले. बाबा दर दिवाळीला म्हणतात, खालचं नाव खरवडू." मग म्हणाली, "माझा होकार कळवा घरी. घरातलं घरात ठेवणारा माणूस बघत होते मी."

तज्ज्ञांच्या या निर्णयानुसार ती खुर्ची आता अधिकृतपणे डॅनिश आहे, आणि लग्नात आण्णा तिच्यातच बसून आले.

वाचकांना हसू आलं असेल. हरकत नाही. आता उठा, स्वयंपाकघरात जा, सगळ्यात मोठं पातेलं उलटं करा आणि त्यावर कोरलेलं आडनाव वाचा. ते तुमचं नसेल, तर पातेलं डॅनिश आहे.